एल्साच्या पानात काय वाढलं?

काही पुस्तकं नावाने सगळ्यांना ठाऊक असतात, पण वाचलेली फार थोड्यांनी असतात. जॉय अ‍ॅडमसन यांचं ‘बॉर्न फ्री’ त्यातलंच एक. केनियातल्या एल्सा नावाच्या सिंहिणीची ही खरी गोष्ट १९६० साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वाचली गेली. १९६६ साली तिच्यावर सिनेमा निघाला, त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं. आपल्याला गोष्ट माहीत असते ती बहुधा त्या सिनेमामुळे. अनाथ पिल्लू, त्याला माया लावणारं मूलबाळ नसलेलं जोडपं आणि शेवटी लेकीची पाठवणी करावी तसं तिला जंगलात सोडून येणं. डोळे भरून यावेत अशीच गोष्ट आहे.

मी हे पुस्तक आणि त्याचे पुढचे दोन भाग, ‘लिव्हिंग फ्री’ (१९६१) आणि ‘फॉरएव्हर फ्री’ (१९६२), सलग वाचले. तसेच वाचावेत असं माझं मत आहे. पहिला भाग एकटा वाचला तर ते मायेचं पुस्तक वाटतं. तिन्ही एकापाठोपाठ वाचले की त्यातून एक हिशेब पुढे येतो: सिंहावर माया करायची, तर त्या मायेची किंमत कोण मोजतं? लेखिकेने हा हिशेब मुद्दाम मांडलेला नाही, पण लपवलेलाही नाही. ज्या बाईच्या हातून आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाचं पान वाढलं गेलं, तिला तो ओळींमधून दिसतोच.

सुरुवात पाहा. १ फेब्रुवारी १९५६. जॉय यांचे पती जॉर्ज अ‍ॅडमसन हे केनियाच्या उत्तर सरहद्द प्रांतातले वन्यप्राणी खात्याचे अधिकारी. बोरान जमातीच्या एका माणसाला सिंहाने मारलं, म्हणून त्या नरभक्षकाच्या शोधात ते निघालेले असतात. वाटेत एक सिंहीण अंगावर धावून येते, गोळी सुटते, ती मरते. मग लक्षात येतं की ती बाळंतीण होती, पिल्लांसाठी चवताळली होती. खडकाच्या कपारीत तीन पिल्लं सापडतात, डोळ्यांवर अजून निळसर पडदा असलेली. तिन्ही माद्या.

त्यानंतरची पानं आईपण केलेल्या कोणत्याही बाईला आपली वाटतील. पिल्लं दोन दिवस दुधाला तोंड लावत नाहीत. एकदा प्यायला लागल्यावर मात्र दम काढू देत नाहीत. दर दोन तासांनी डब्यातलं बिनसाखरेचं दूध कोमट करायचं, रेडिओची काढलेली रबरी नळी स्वच्छ धुवायची, कारण बाळाची बाटली अजून आलेली नाही. बाटली, कॉडलिव्हर तेल आणि ग्लुकोज आणायला पन्नास मैलांवरच्या बाजाराला माणूस पाठवलेला. हे सगळं जॉय इतक्या साधेपणाने लिहितात की लाडीगोडीचा एक शब्द न वापरता लाड पोचतो. पुस्तकाचं खरं यश इथे आहे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पहिल्या काही पानांतच दोन मृत्यू झालेले आहेत, एका माणसाचा आणि एका सिंहिणीचा. सिंहिणीच्या मृत्यूचं प्रायश्चित्त म्हणून जणू पुढचं सगळं पुस्तक लिहिलं गेलं. त्या बोरान माणसासाठी मात्र एक वाक्य. त्याच्या घरी कोण होतं, त्याच्या गुरांमागे दुसऱ्या दिवशी कोण गेलं, हे विचारायला गोष्ट थांबत नाही. तिला पिल्लांना दूध पाजायचं असतं.

मग येतो नुरू. हा अ‍ॅडमसन यांच्या बागेत काम करणारा माणूस. पिल्लं आल्यावर त्याच्याकडे त्यांना सांभाळायचं काम येतं. घरात पाती-पाती नावाचा आणखी एक पाळीव जीव आहे. रॉक हायरॅक्स जातीचा सशाएवढा प्राणी, जॉय यांच्याकडे साडेसहा वर्षं राहिलेला. पाती-पातीचा स्वभाव आपल्याला छान कळतो. नुरू पिल्लांच्या मागे दिवसभर उन्हात फिरतो, ती झोपली की सावलीत राखण करत बसतो, पण त्याच्या मनात काय चाललं असेल याचा थांग फारसा लागत नाही. त्या काळी केनियावर ब्रिटिशांचं राज्य होतं, देश स्वातंत्र्यासाठी धुमसत होता. १९६३ च्या डिसेंबरात तो स्वतंत्र झाला. पहिल्या पुस्तकात त्याची झळ जवळजवळ लागत नाही. नावात ‘फ्री’ हा शब्द आहे, तो सिंहिणीपुरता.

लेखिकेवर एकतर्फी ठपका ठेवायचा नाही. त्याआधीची सिंहांवरची गाजलेली पुस्तकं आठवा. पॅटरसन यांचं ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ १९०७ सालचं. १८९८ मध्ये केनियात रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेऊन मारलं, त्याची हकीगत. त्यात आपल्या देशातून नेलेले मजूर होते. पॅटरसन सांगतात त्याप्रमाणे निदान अठ्ठावीस हिंदी मजूर गेले, आणि स्थानिक आफ्रिकी माणसं किती गेली त्याची सरकारी नोंदच ठेवलेली नव्हती. त्या पुस्तकात सिंह म्हणजे राक्षस आणि साहेब म्हणजे वीर. जॉय अ‍ॅडमसन यांनी बंदुकीच्या नळीतून दिसणाऱ्या त्या सिंहाला पहिल्यांदा नाव दिलं, स्वभाव दिला. अंगठा चोखत झोपणारी सिंहीण त्यांनी जगाला दाखवली. हे काम लहान नाही. फक्त, नोंद न ठेवलेली माणसं तेव्हाही नोंदीबाहेर होती आणि नंतरही राहिली, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता सिंहाच्या जातीकडे वळू, कारण त्याशिवाय एल्साचं दुःख कळत नाही. मांजराच्या कुळात वाघ, बिबट्या हे सगळे एकटे राहणारे. कळप करून राहणारा सिंह तेवढा एकटाच. १९६६ पासून जॉर्ज शेलर यांनी टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास केला, पुढे क्रेग पॅकर आणि इतरांनी तो अनेक वर्षं चालवला. त्यातून दिसलं ते असं. कळपाचा कणा म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या सिंहिणी: आई, मुली, बहिणी, मावश्या. साधारण साडेतीन महिन्यांनी सिंहीण विते, सुरुवातीचे काही आठवडे पिल्लं झुडपात दडवून ठेवते, मग कळपात घेऊन येते. तिथे एकीची पिल्लं दुसरीला लुचतात. नर बाहेरून येतात, दोन-तीन वर्षं टिकतात, मग त्यांच्याहून दांडगे येऊन त्यांना हाकलतात आणि आधीची लहान पिल्लं बहुतेक मारून टाकतात. आपल्याकडे लेक जाते आणि सून येते. सिंहांत लेक घरी राहते, जावई येतात आणि जातात. अशा घरात पिल्लू जगतं ते मावश्यांच्या जिवावर.

हे कळलं की पुस्तकातली एक साधी घटना वेगळी दिसू लागते. पिल्लं पाच महिन्यांची होतात, तिघींना सांभाळणं झेपेनासं होतं. म्हणून दोघींना विमानाने हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं जातं आणि सगळ्यांत लहान ती एल्सा ठेवून घेतली जाते. सिनेमात हा निरोपाचा एक हळवा प्रसंग आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी एल्साचा कळप गेला. ज्या दोघींबरोबर ती पुढे शिकार करणार होती, ज्या तिच्या पिल्लांना पाजणार होत्या, त्या सख्ख्या बहिणी पिंजऱ्यात गेल्या.

त्यानंतर एल्साला जंगलात सोडलं. पहिली जागा तिला मानवली नाही, ती आजारी पडली. मग तिच्या जन्मगावाजवळच्या रानात तिला आणलं. ती शिकार शिकली, रानातला नर तिला भेटला, डिसेंबर १९५९ मध्ये तिला तीन पिल्लं झाली आणि काही आठवड्यांनी ती त्यांना अ‍ॅडमसन यांच्या तंबूपाशी घेऊन आली. जगभरच्या वाचकांना हा कृतज्ञतेचा कळस वाटला. मला त्यात सिंहिणीची रीत दिसते. वितल्यावर काही आठवड्यांनी सिंहीण पिल्लं घेऊन माहेरी, कळपात येते. एल्साला कळप नव्हता, तंबू होता. ती मावशीकडे आली. त्या प्रसंगाची किंमत याने कमी होत नाही, उलट वाढते. फक्त ती आपल्या उपकाराच्या खात्यावर जमा करता येत नाही.

आणि मावशीने काय वाढलं? मैत्रिणींनो, इथे आपण जैन घरातल्या बायका जरा अडखळतो, आणि अडखळायलाच हवं. सिंहिणीला दिवसाला सरासरी पाच किलोच्या आसपास मांस लागतं. वर्षाचं झालं अठराशे किलो. एल्सा शिकार शिकेपर्यंत जॉर्ज तिच्यासाठी रानातले प्राणी मारून आणत. पिल्लं झाल्यावर तळावर बकऱ्या विकत आणल्या जात. लेखिका हे सरळ सांगते, त्यावर रंग चढवत नाही. पण त्या बकऱ्यांना नावं नाहीत. नाव मिळालेल्या एका जिवासाठी बिननावाचे किती जीव गेले, याची मोजदाद आपण वाचक करत नाही, कारण तोवर आपण एल्साचे झालेलो असतो.

सिंह हे भगवान महावीरांचं लांछन, आणि त्यांच्या पूर्वभवांत सिंह दोनदा भेटतो हे आपल्याला माहीत आहे. श्वेतांबर परंपरेत त्रिपृष्ठ वासुदेवाच्या भवात त्यांचा जीव एका सिंहाला नुसत्या हातांनी फाडतो. मरणाऱ्या सिंहाला सारथी धीर देतो आणि ते वैर पुढे अनेक जन्म पुरतं. दिगंबर परंपरेत तोच जीव पुढे स्वतः सिंह होतो. हरणावर तुटून पडलेल्या त्या सिंहापुढे दोन चारण मुनी उतरतात, त्याला मागचे भव आठवून देतात, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. या दुसऱ्या कथेतली मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट तिचा प्रामाणिकपणा. सिंहाने हिंसा सोडली आणि मग तो फळं खाऊन सुखाने जगला, असं कथा म्हणत नाही. त्याने आहार सोडला आणि देह ठेवला, असं म्हणते. सिंह सिंह म्हणून जगणार तर मांस खाणार, हे आपल्या पुराणकारांनी नजरेआड केलं नाही. ‘बॉर्न फ्री’चा सिनेमा नेमकं ते करतो. पुस्तकं करत नाहीत, म्हणून मी पुस्तकांच्या बाजूची आहे.

तिसऱ्या भागात हा हिशेब दारात येऊन उभा राहतो. २४ जानेवारी १९६१ रोजी एल्सा गोचिडीपासून होणाऱ्या आजाराने मरते. अवघी पाच वर्षांची. तिची तीन पिल्लं, जेस्पा, गोपा आणि लहान एल्सा, अजून पुरती शिकार न शिकलेली. बकरीची चव मात्र त्यांना माहीत. ती आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या बकऱ्यांवर जातात. लोक चिडतात, जेस्पाच्या अंगात बाणाचं पातं रुतून बसतं. अ‍ॅडमसन नुकसानभरपाई देतात, पण असं किती दिवस चालणार? शेवटी पिल्लांना पकडून ट्रकमधून सेरेंगेटीत नेऊन सोडलं जातं.

हा बाण तिन्ही पुस्तकांतला सगळ्यांत महत्त्वाचा तपशील आहे असं मला वाटतं. पहिल्या पानावरचा तो बोरान माणूस काही बोलत नाही, कारण तो मेलेला असतो. इथे वस्तीवरच्या कोणीतरी पहिल्यांदा उत्तर दिलं. बकरी ही त्याच्या घरची दुधाची सोय, लेकीच्या लग्नाची पुंजी, अडीनडीचा पैसा. लेखिका जेस्पाच्या जखमेने कासावीस होते, ते तिच्या जागी बरोबरच. पण तिच्या लेखणीला त्या माणसाच्या अंगणात जाता आलं असतं, तर ‘फॉरएव्हर फ्री’ हे फार मोठं पुस्तक झालं असतं.

पुढे १९८० च्या जानेवारीत जॉय अ‍ॅडमसन यांचा केनियातच मृत्यू झाला. सिंहाने मारलं, अशी पहिली बातमी पसरली. खरं तर तो खून होता आणि त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या एका तरुणाला त्याबद्दल शिक्षा झाली. १९८९ मध्ये जॉर्ज यांना लुटारूंनी गोळ्या घातल्या. दोघांचं आयुष्य सिंहांच्या संगतीत गेलं. या पुस्तकांचे पैसे जॉय यांनी प्राण्यांसाठीच वापरले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या नजरेत न मावलेल्या माणसांचा.

आफ्रिकेतली सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट इतकी लांबण लावून का सांगते आहे? कारण मी ग्वाल्हेरची. आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर, श्योपूर जिल्ह्यात कुनोचं जंगल आहे, आणि तिथे हीच गोष्ट सिंहाशिवाय घडली.

आशियातले रानटी सिंह आता फक्त गुजरातेत, गीर आणि आसपासच्या भागात उरले आहेत. १९६८ च्या गणनेत ते १७७ होते, २०२५ च्या गणनेत ८९१ झाले. अभिमान वाटावा असंच हे काम. त्यात तिथल्या मालधारी गवळ्यांचाही वाटा आहे. काटेरी कुंपणाच्या नेसांत म्हशी राखत, अधूनमधून एखादी गमावत, ते पिढ्यान्‌पिढ्या सिंहांच्या शेजारी राहिले. पण सगळे सिंह एकाच मुलखात असले की एखादी साथ पुरते. १९९४ मध्ये सेरेंगेटीत कुत्र्यांकडून आलेल्या डिस्टेंपरच्या साथीने तिथले एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरमध्येही त्याच विषाणूने सिंह दगावले. म्हणून सिंहांना दुसरं घर हवं, असं अभ्यासक आधीपासूनच सांगत होते आणि त्यासाठी कुनो निवडलं गेलं. हा विचार बरोबरच होता.

या भागात सिंह आणण्याची कल्पना तशी नवी नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात माधवराव शिंदे महाराजांनी आफ्रिकेतून सिंह मागवून इथल्याच रानात सोडले होते. ते गुरांवर आणि मग माणसांवर जाऊ लागले, आणि प्रयोग फसला. या वेळी खबरदारी म्हणून माणसंच आधी हलवली. १९९८ पासून काही वर्षांत जंगलातली २४ गावं उठली, दीड हजारांच्या वर कुटुंबं. बहुतेक सहरिया आदिवासी. त्यांना बाहेर जमिनी मिळाल्या, पण सालईचा डिंक आणि रानातली बाकीची मिळकत मागे राहिली. आपण धुपात घालतो तोच हा डिंक. पुष्कळ गुरंही मागे राहिली, आणि सिंह आल्यावर ती भक्ष्य म्हणून उपयोगी पडतील, असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं.

सिंह आले नाहीत. गुजरात सरकार द्यायला तयार नव्हतं. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंह कुनोत न्यावेत असा निकाल दिला, तरी आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे नामिबियाहून चित्ते आले, तो वेगळा विषय. गड आला पण सिंह गेला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुनोत गड रिकामा झाला आणि सिंह आलाच नाही. एल्साच्या गोष्टीत निदान एल्सा तरी होती. इथे किंमत आधी मोजली गेली, आणि ती कशासाठी मोजली हे मोजणाऱ्यांना अजून दिसलेलं नाही.

सिंह वाचायलाच हवेत. जीवदया मानणाऱ्या घरात याबद्दल दोन मतं असू नयेत. पण दया शहरातल्या दिवाणखान्यात बसून करायची आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या गोठ्यातून वळता करायचा, याला दया म्हणताना जीभ अडखळायला हवी. ‘बॉर्न फ्री’ वाचताना मला हे शिकायला मिळालं, लेखिकेचा तसा हेतू नसतानाही. चांगल्या पुस्तकाचं हे एक लक्षण असतं. लिहिणाऱ्याला जेवढं दिसलं त्याहून जास्त त्यात शिल्लक राहतं. मुलींना, सुनांना, नातवंडांना हे पुस्तक जरूर द्या. तिन्ही भाग द्या, आणि बाणाच्या प्रसंगापाशी थांबून त्यांना विचारा, हा कोणी मारला असेल आणि का?

कुनोत कधी ना कधी सिंह येईलही. त्याच्यावर कोणीतरी सुंदर पुस्तक लिहील, सगळे ते कौतुकाने वाचतील, मीही वाचेन. त्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात सहरियांच्या चोवीस गावांची नावं एकेक करून लिहिलेली असावीत, एवढीच अपेक्षा आहे.